उठ म्हणणाऱ्या ताईला

११ जानेवारी

ताई,

मायना लिहीत नाही. 'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, आणि 'प्रिय' लिहिलं तर तूच हसशील.

फोन करायचा नाही असं तू बजावलंस. माझा फोन आला की बटण त्या दिवशी नीट जेवत नाही, अभ्यासाला बसत नाही, असं तुझं म्हणणं. ठीक आहे. मुलगी माझी असली तरी सध्या तुझ्या घरात आहे, तेव्हा नियम तुझे. पत्र लिहू नकोस असं मात्र तू म्हणाली नाहीस. जिला स्वतःचे केस विंचरायला जमत नाहीत ती पत्र कुठून लिहिणार, असं वाटलं असेल तुला.

बटणला घेऊन जाताना तू म्हणालीस, "तू बरी होईपर्यंत." तेव्हा मी पलंगावर होते, भिंतीकडे तोंड करून. हा दारात उभा राहून मान डोलावत होता. ट्रकवरचा माणूस, महिन्यातला निम्मा वेळ रस्त्यावर. स्वतःच्या बारा वर्षांच्या पोरीची जबाबदारी कोणीतरी उचलतंय म्हटल्यावर तो सुटलाच. मी काही बोलले नाही, ते तुम्ही दोघांनी 'हो' असं धरलं.

बटण शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत संध्याकाळपर्यंत उभी राहिली, शाळेतून मला फोन आले, ते वाजताना मी ऐकले आणि उचलले नाहीत. हे सगळं मला माहीत आहे. दर वेळी नव्याने सांगायची गरज नाही. त्याच आठवड्यात तू आलीस आणि शेजारणीच्या देखत म्हणालीस, "लोळून लोळून हाडं गंजलीत हिची. रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या की बघा कशी सुतासारखी सरळ होते." शेजारीण अजून जिन्यात भेटली की माझ्या हाडांकडे बघते.

तर तुझ्यासाठी बातमी. मी डॉक्टरीणबाईंकडे जाते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांच्या खाली, त्याच कागदावर, व्यायाम लिहून दिला. अग्निशमन केंद्राच्या मागे एक शेड आहे, तिथे माझ्यासारख्या बायकांचा वर्ग भरतो. मी जाते. नियमाने जाते. घाम येतो, बरं वाटतं.

तेव्हा बटणला कधी पाठवतेस ते कळव.

तुझी धाकटी


३० जानेवारी

ताई,

तुझा निरोप मिळाला. "शाबास! मी कधीपासून हेच सांगत होते!" दोन वाक्यं आणि दोन उद्गारचिन्हं. बटणबद्दल एक अक्षर नाही.

ती शाबासकी परत घे. मी खोटं लिहिलं होतं. मी वर्गाला गेले होते एवढंच खरं. पहिल्या दिवशी शेडच्या दारात उभी राहिले. खांद्याला पर्स, अंगात स्वेटर, पायात बाहेरच्या चपला. आत बायका हात वर करत होत्या, खाली करत होत्या, आणि मी तास संपेपर्यंत तशीच उभी होते. आत जायचं नव्हतं आणि घरी परत जायचंही नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई पूर्वी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. गुडघा गेला आणि इकडे आल्या. गळ्यात शिट्टी असते पण ती कधी वाजवत नाहीत, म्हणून बायकांनी त्यांचं नाव 'शिट्टी' पाडलंय. मला त्या 'आत या' म्हणाल्या नाहीत. निघताना एवढंच विचारलं, "परवा येणार असाल तर दाराची जागा मोकळी ठेवते. नाहीतर तिथे मी गाद्या रचते."

परवा मी गेले. पुन्हा दारात. त्यानंतर एकदा गेलेच नाही. मग पुन्हा गेले. वर्गात एक बसची कंडक्टर येते, माझ्याहून थोडी मोठी, आवाज असा की भिंतीचा रंग उडावा. ती तिथून ओरडली, "अहो दारातल्या बाई, पुढे सरका, आत जागा आहे!" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण पाय सरकले.

काय केलं सांगू? खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उभं राहायचं. पुन्हा बसायचं. बस, एवढंच. माझ्या मांड्या लटलट कापायला लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तू खेळाची शिक्षिका, तुझ्या शाळेतल्या पोरी पोट धरून हसतील. मी घरी येऊन रडले. मग झोप लागली. ताई, गोळी खाऊन येते तशी नाही, दमल्यावर येते तशी.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, "म्हणजे माझी बहीण म्हणते तेच खरं ना? मी आळशी आहे?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "पाय मोडलेल्या माणसालाही आम्ही नंतर चालायला लावतो. म्हणून काय त्याचा पाय आळसाने मोडला होता?" मग म्हणाल्या, "सगळ्यांना लागू पडेलच असं सांगत नाही. बऱ्याच जणींना पडतं. गोळ्या चालू ठेवायच्या आणि हेही करून बघायचं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी जमलं नाही म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

हे शेवटचं वाक्य आपल्या घरात कधी कोणी उच्चारलं होतं का गं?

बटणला विचार, तिच्या दाताची तार घट्ट करून घेतली का.

धाकटी


९ मार्च

ताई,

मी कामावर परत जायला लागले आहे. आमच्या कवळ्यांच्या वर्कशॉपमध्ये माझं टेबल तसंच होतं. मालकांनी त्यावर प्लास्टरचे साचे रचून ठेवले होते, तेवढे उचलले. मेणात दात बसवायला हात थरथरेल अशी भीती होती, पण नाही थरथरला. परवा पॉलिशच्या चाकाला एक कवळी धरली होती आणि म्हणे मी काहीतरी गुणगुणत होते. मालकांनी मान वर करून पाहिलं आणि पटकन खाली घातली, जणू बोलले तर मी थांबेन.

एकदम काही झालं नाही. वर्गाला जात राहिले, गोळ्या घेत राहिले. आधी झोप आली. मग भूक. मग राग यायला लागला, आणि राग यायला लागला तेव्हा मला खात्री पटली की मी बरी होतेय. किती दिवसांचा साठला होता म्हणून सांगू! जिना उतरता उतरता मी तुझ्याशी भांडते. शिट्टीने परवा वाळूची पिशवी उचलायला दिली, ती मी तुझं नाव घेऊन उचलली. डोक्याच्या वर गेली.

आता ह्याची गंमत ऐक. मी उठले, फिरले, भांडी घासली हे बघून हा शेजारपाजारी सांगत सुटलाय, "नुसतं हलायला हवं होतं, बाकी काही नव्हतं हो." म्हणजे मी पडले होते तेव्हाही दोष माझा आणि उठले तर तो सिद्ध झाला. काल मला म्हणतो, "आता बरी आहेस ना? मग त्या उड्या अजून कशाला? आणि गोळ्या काय जन्मभर खाणार?" मी म्हटलं, "तुझा ट्रक चालतोय म्हणून त्यात तेल घालायचं बंद करतोस का?" तो म्हणाला, "बायको आणि ट्रक एक नाही." हे मात्र खरं. ट्रक बिघडला की तो रात्रभर त्याच्याजवळ बसतो.

तुझा निरोप आला, "परीक्षा होऊ दे, मग बघू." बघू म्हणजे काय? तू 'बरी होईपर्यंत' म्हणाली होतीस. मी बरी होतेय. आणि त्या निरोपाच्या शेवटी, सहज सांगितल्यासारखं, की बटणला तू शाळेच्या धावण्याच्या संघात घातलंस. माझी बटण! जिना चढताना जी पायरी-पायरीवर बसून मला गोष्ट सांगायची, ती धावते? तिला विचारलं होतंस का?

मुलगी परत दे, ताई. मी मागतेय, भीक मागत नाहीये.

धाकटी


२२ एप्रिल

ताई,

वर्गाला जात नाहीये. ह्याच्या ट्रकच्या वेळा बदलल्या. ज्या वेळेला वर्ग, त्याच वेळेला ह्याचा डबा. बरी आहेस ना, म्हणाला. मीही म्हटलं, बरी आहे. गोळ्या संपल्या, त्या आणायला गेले नाही. बरी आहे तर कशाला, असं मलाच वाटलं.

आता पुन्हा पलंग. दोरीवर टॉवेल वाळत घातलाय, तो काढायचाय. सकाळपासून त्याच्याकडे बघतेय.

मागे एकदा खोटं लिहिलं होतं म्हणून हे खरं लिहिते.

बटणला सांगू नकोस.


१७ मे

ताई,

तू सांगितलंस. बटणला सांगितलंस. "बघ, म्हणून तुला पाठवत नाही," असं म्हणून माझं पत्र तिच्यासमोर धरलंस. हे मला कसं कळलं ते पुढे लिहिते.

आधी माझं. मी टॉवेल काढला नाही. दोन-तीन दिवसांनी कंडक्टरीण दारात उभी. ड्यूटी संपवून सरळ आलेली, गणवेश तसाच, गळ्यात तिकिटांचं मशीन. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती पलंगाच्या कडेला बसली, बूट काढले आणि म्हणाली, "माझे पाय मेलेत आज. जरा सरक." आणि माझ्या शेजारी आडवी झाली! छताकडे बघत तिच्या बसमधल्या एका म्हाताऱ्याची तक्रार सांगत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ या का? मलाही नको वाटतंय. पण जाऊ." आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. ती कण्हत होती, मी फरफटत होते. तिथून परत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "असं होतं," म्हणाल्या, "आता परत चढू." शिट्टीने दाराशी रचलेल्या गाद्या हलवल्या. ह्याला मी सांगितलं, डबा तू भर. त्याने तोंड वाकडं केलं आणि भरला. पाव आणि लोणी. मेला नाही तो.

आता बटणचं. हो, मी तुझा नियम मोडला. तू मैदानावर असतेस त्या वेळेला फोन केला. तिने उचलला. मी विचारलं, काय करत होतीस? म्हणाली, "काही नाही." मैत्रिणी कशा आहेत? "आहेत." पळण्याचं कसं चाललंय? "मावशी म्हणते छान." मी म्हटलं, "तुला काय वाटतं गं?" मग म्हणाली, "आई, मला काहीच वाटत नाही." आणि मग तिने तुझं ते सांगितलं, पत्राचं. तेही अशा आवाजात, जणू दुसऱ्या कोणाच्या आईची गोष्ट.

तो आवाज मी ओळखते, ताई. वर्षभर माझ्या तोंडून तोच निघत होता.

मी तुला लगेच कळवलं, तिला डॉक्टरकडे ने. तुझं उत्तर समोर आहे. "वयात येतेय, आळस चढलाय. सकाळी अंथरुणातून निघत नाही. ओढून मैदानावर नेते. ठीक होईल. तुझ्यावर जाऊ देणार नाही मी तिला."

तुझ्यावर! जसा काही मी एखादा रस्ता आहे.

शाळांच्या शर्यती पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आहेत, हे बटणने सांगितलं. मी येणार आहे. परवानगी मागत नाही.

धाकटी


४ जून

ताई,

काल तू तिथे होतीस, मग तुलाच काय सांगायचं? पण तू ज्या बाजूने बघत होतीस तिथून हे दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

मी सकाळीच येऊन वरच्या पायऱ्यांवर बसले होते. तुम्हा दोघींना दिसणार नाही अशी. तू खाली, निळ्या ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी, पोरींना ओळीत लावत होतीस. चांगली दिसत होतीस. तू मैदानावर नेहमीच चांगली दिसतेस. बटण ओळीच्या टोकाला होती. उंच झालीये. गुडघे हाडकुळे. बाकीच्या पोरी उड्या मारत होत्या, एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. ही हात खाली सोडून उभी होती, कोणीतरी तिथे आणून ठेवल्यासारखी.

शर्यत सुटली. ती धावली, आणि चांगली धावली, तू शिकवलंस ते दिसत होतं. वळणापर्यंत दुसरी होती. मग थांबली. लोक म्हणाले, पडली. ती पडली नाही. ती हळू झाली, उभी राहिली, आजूबाजूला बघितलं आणि खाली बसली. मागच्या पोरी तिला वळसा घालून गेल्या. मग ती कुशीवर आडवी झाली. भिंतीकडे तोंड करावं तशी, पण तिथे भिंत नव्हती.

तू धावत गेलीस. मला वाटलं, जवळ घेशील. तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "उठ! उठ म्हणते ना! सगळे बघताहेत!" आणि ती हलली नाही तेव्हा तू जे ओरडलीस ते वरच्या पायरीवर ऐकू आलं. "आईसारखी नाटकं करू नकोस!"

मी उतरले. एका पंचाने अडवलं, "बाई, ट्रॅकवर येता येत नाही, शर्यत चालू आहे." मी म्हटलं, "माझ्या मुलीची संपली." तुझ्या बाजूने गेले, तुझ्याकडे बघितलं नाही. तिच्या शेजारी जमिनीवर पडले. पाठीला चटका बसला, एवढं तापलं होतं सगळं. रबराचा वास येत होता. तू तिथून आमची बडबड ऐकली नसशील, ती अशी होती.

"आई?"

"हं."

"तू कशी आलीस?"

"बसने."

"मला उठता येत नाहीये."

"माहितीये."

"पाय दुखत नाहीयेत. काहीच दुखत नाहीये."

"तेही माहितीये मला."

"मावशी रागावेल."

"रागावू दे. मी इथे आहे."

मग म्हणाली, "लोकांना काय सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगू, आम्ही सावकाश धावतोय."

तिच्या नाकातून हवा निघाली. ते हसू होतं, ताई. जेमतेम, पण हसूच. मी उठ म्हटलं नाही. पुढच्या शर्यतीच्या पोरी येऊन उभ्या राहिल्या, पंच घड्याळ बघत होते, तू कोणाची तरी माफी मागत होतीस. मग ती स्वतःच कोपरावर उठली आणि म्हणाली, "आई, तुझ्या केसांना काय काय लागलंय."

फाटकाशी तू तिचा हात धरलास. "वर्ष वाया घालवशील तिचं," म्हणालीस. मी हो म्हटलं. "आणि तू परत पडलीस तर?" हे तू तिच्यासमोर विचारलंस. मीही तिच्यासमोरच सांगितलं, की पडेन कदाचित. मी खोटं सांगणार नाही तिला. पण तीही पडत होती आणि तू बघत असूनही तुला दिसलं नाही. मला फोनवर दिसलं.

तू हात सोडलास. एवढं मात्र तुझ्या नावावर लिहून ठेवते.

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "रडू आलं की मावशी फेऱ्या मारायला लावायची. म्हणायची, घामाबरोबर निघून जातं." मी विचारलं, "जायचं का?" ती म्हणाली, "रडू जायचं. मग काहीच यायचं नाही."

तिचे कपडे आणि पुस्तकं पाठवून दे. धावण्याचे बूट पाठवू नकोस.


२७ जुलै

ताई,

तुझे निरोप पोचतात. उत्तर द्यावंसं वाटलं नाही म्हणून दिलं नाही. "तू तिला बिघडवते आहेस" याला काय उत्तर द्यायचं? "डॉक्टरांच्या नादी लावलंस" हे खरं आहे. लावलं. डॉक्टरीणबाईंनी एका मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बटण त्यांच्याशी बोलते. काय बोलते ते मी विचारत नाही.

ह्याचं म्हणशील तर आल्या आल्या त्याने तुझंच वाक्य म्हटलं, वर्ष वाया जाणार. बटणने मान खाली घातली. मी ह्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून जे बोलायचं ते बोलले. बाहेर आला तो तिच्याशी पत्ते खेळायला बसला. हरला. त्याला पत्ते येत नाहीत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

ती बरी झाली असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही झाली. काही दिवस शाळेत जाते. काही दिवस पांघरुणातून हात बाहेर येत नाही. मीही सगळी बरी नाही. पण वर्गाला जाते, गोळ्या घेते, आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी कंडक्टरणीला फोन करून दोन शिव्या देते.

आता माझा तुझ्यावरचा खरा राग कशाचा आहे ते ऐक. तू तिला घेऊन गेलीस, माझं पत्र तिला दाखवलंस, चारचौघांत मला नाटकी म्हणालीस, ते सगळं एकीकडे. मला ज्या औषधाने हात दिला ते तू तिच्यासाठी नासवून ठेवलंस. मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर शेडवर, नुसती बघ. शिट्टी दिसली, तिच्या गळ्यातली शिट्टी दिसली, आणि पोरगी पांढरीफटक पडली. बाहेर जाऊन ओकली. शिट्टीने ती दोरी गळ्यातून काढून खिशात टाकली, पण व्हायचं ते झालं होतं. माझ्यासाठी हात वर करणं म्हणजे श्वास. तिच्यासाठी शिक्षा. आम्हा दोघींना एकच आजार आणि एकच औषध, आणि ते मी तिला देऊ शकत नाही. कारण तू ते आधी काठीसारखं वापरलंस.

सध्या ती शेजारच्यांचा म्हातारा कुत्रा फिरवते. तो दर खांबाशी थांबतो, अर्ध्या रस्त्यात बसतो, उठवलं तरी उठत नाही. तिला त्याची घाई नसते. डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिलीये, हे चालू द्या आणि चुकूनही याला व्यायाम म्हणू नका.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

आपली आई अशीच पडून असायची ना? तेव्हा मला वाटायचं, आया पडूनच असतात. तू दहा-अकरा वर्षांची असशील. माझी वेणी घालायचीस, पाव कापून माझ्या पुढ्यात ठेवायचीस, तिच्या उशाशी पाणी ठेवायचीस. आणि मग घराभोवती धावत सुटायचीस. गोल गोल. अंधार पडून शेजारचे हाका मारेपर्यंत. मी पायरीवर बसून तुला बघायचे आणि मला वाटायचं, ताईला धावायला किती आवडतं! आमच्या बायकांच्या वर्गात शिट्टी एकदा म्हणाली की काही जणी बरं वाटावं म्हणून धावतात आणि काही जणी मागून काहीतरी येतंय म्हणून. तेव्हा मला तू दिसलीस.

तू कधी थांबलीच नाहीस. थांबलं तर काय होतं ते तू आईच्या खोलीत पाहिलं होतंस, आणि मग माझ्या खोलीत पाहिलंस. बटण थांबली तेव्हा तू तिच्यावर नाही, त्या खोलीवर ओरडलीस, हे मला कळतं. कळतं म्हणून माफ होत नाही. दहा वर्षांच्या त्या मुलीला मी केव्हाच माफ केलंय. तिने मला पाव कापून दिला नसता तर मी जगले नसते. पण त्या दिवशी मैदानावर कमरेवर हात ठेवून उभी होती ती बाई मोठी होती. तिला विचारता आलं असतं, "काय झालं गं?" तीन शब्द. तेवढे तुला अजून जमलेले नाहीत. तुझ्या एकाही निरोपात ते नाहीत.

तुला इकडे यायचं असेल तर ये. शेडमध्ये तुलाही घेतील, तिथे स्पर्धा जिंकलेल्या बायकाही येतात. माझ्या घरी लगेच ये असं मात्र मी म्हणणार नाही. बटण ठरवेल.

हे लिहीत असताना ती पलंगावर होती, इथेच, माझ्या पाठीशी. आज शाळेचा दिवस. मी विचारलं, "मावशीला पत्र लिहितेय, तुझ्याकडून काही लिहू?"

तिने तोंडावरचं पांघरूण खाली ओढलं. मग म्हणाली, "लिही, की मी आज शाळेत गेले नाही, आणि मला कोणी काही बोललं नाही."

धाकटी